छत्तीस तास आणि चौदा वर्षे

गोवा मुक्तिदिनाच्या दुसऱ्या दिवशी इतिहासाच्या तासाला दहावीच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने आम्हांस एक प्रश्न विचारला. आदल्या दिवशी ध्वजवंदनाच्या प्रसंगी झालेल्या भाषणात त्याने ऐकले होते की, भारतीय सैन्याने १९६१ साली सुमारे ३६ तासांत गोवा मुक्त केला. त्याचा प्रश्न अगदी सरळ होता : "सर, जे काम छत्तीस तासांत होण्यासारखे होते, त्याला चौदा वर्षे का लागली?" मागच्या बाकावरून कोणी तरी परस्पर उत्तरही देऊन टाकले, "बोलण्यात वेळ घालवला, दुसरे काय!" वर्ग हसला. इतक्यात घंटा झाली आणि आमचे उत्तर ओठांतच राहिले. ते उत्तर आज या अंकाच्या निमित्ताने सावकाश देण्याचा आमचा विचार आहे.

प्रश्न दिसावयास एकट्या गोव्याचा असला, तरी त्याच्या पोटात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. दोन राष्ट्रांमध्ये तंटा उत्पन्न झाला असता तो वाटाघाटींनी मिटवावा की शस्त्राने? आपल्याकडील राजनीतीच्या जुन्या ग्रंथांनी साम, दान, भेद आणि दंड असे चार उपाय सांगितले आहेत. ही नावे आपण सर्वजण पाठ म्हणतो. परंतु त्यांचा क्रम मात्र ध्यानात घेत नाही. साम सर्वांच्या आधी आहे आणि दंड सर्वांच्या शेवटी आहे, तो काही केवळ उच्चाराच्या सोयीसाठी नव्हे. महाभारतात युद्ध अटळ आहे हे मनोमन जाणूनही श्रीकृष्ण शिष्टाईसाठी हस्तिनापुरास गेले आणि पांडवांसाठी पाच गावांवर तडजोड करावयास सिद्ध झाले. ती शिष्टाई फसली. तथापि तिला कोणी दुबळेपणा म्हटल्याचे ऐकिवात नाही. उलट, युद्धाचा दोष कोणाच्या पदरी जातो, हे त्या एका भेटीने सर्व जगाला कळून चुकले.

आता इतिहासाकडे वळू. इंग्रज १९४७ साली येथून गेले, तेव्हा भारताच्या भूमीवर आणखी दोन युरोपीय सत्ता शिल्लक होत्या. पाँडिचेरी, कारैकल, माहे, यानम आणि चंद्रनगर ही ठाणी फ्रान्सकडे होती; गोवा, दमण, दीव आणि दादरा-नगरहवेली हा मुलूख पोर्तुगालकडे होता. भारत सरकार एकच, पंतप्रधान एकच, धोरणही एकच; प्रतिपक्ष तेवढे दोन. एकाच औषधाचा दोन रोग्यांवर कसा परिणाम झाला, हे पाहण्याची अशी संधी इतिहासात क्वचितच मिळते.

प्रथम फ्रान्सचे प्रकरण पाहू. जून १९४८ मध्ये भारत आणि फ्रान्स यांचे एका तत्त्वावर एकमत झाले : या ठाण्यांचे भवितव्य तेथील लोकांनी ठरवावे. त्याप्रमाणे जून १९४९ मध्ये चंद्रनगर येथे मतदान झाले. लोकांनी प्रचंड बहुमताने भारतात येण्याचा कौल दिला आणि २ मे १९५० रोजी तेथील कारभार भारताच्या हाती आला. उरलेल्या चार ठाण्यांचे घोडे मात्र अडले. मतदान केव्हा, कोणाच्या देखरेखीखाली आणि कोणत्या नियमांनी घ्यावे, यावर वर्षामागून वर्षे गेली. पाँडिचेरीत दंगेधोपे झाले. भारताने जकातीचे आणि मालाच्या वाहतुकीचे निर्बंध कडक केले. १९५४ च्या उन्हाळ्यापासून एकेक ठाणे आतूनच उठू लागले आणि यानम व माहे येथील फ्रेंच अंमल संपुष्टात आला. तेव्हा हे सर्व गोडीगुलाबीने घडले, असा समज कोणी करून घेऊ नये. वाटाघाटी म्हणजे केवळ मिठास बोलणे नव्हे. लोकमताचा, व्यापाराचा आणि काळाचा दाब तिच्या पाठीशी असावाच लागतो; मात्र त्या दाबाचे रूपांतर तोफांच्या भडिमारात होऊ न देणे, यातच मुत्सद्देगिरीची परीक्षा असते.

याच सुमारास फ्रान्सच्या घरीही वारे फिरले. मे १९५४ मध्ये व्हिएतनाममधील दिएन बिएन फू येथे फ्रेंच सैन्याचा पराभव झाला. पुढच्याच महिन्यात मेंडेस-फ्रान्स हे पंतप्रधान झाले. आशियातील साम्राज्य शस्त्राच्या बळावर टिकवता येणार नाही, हे ओळखण्याइतका हा पुरुष व्यवहारी होता. १८ ऑक्टोबर १९५४ रोजी पाँडिचेरीजवळच्या कीळूर या खेड्यात १७८ लोकप्रतिनिधी जमले. त्यांपैकी १७० जणांनी विलीनीकरणाच्या बाजूने आणि ८ जणांनी विरुद्ध मत दिले. तीनच दिवसांनी दिल्लीत करार झाला आणि १ नोव्हेंबर १९५४ रोजी सत्तांतर झाले. भारतीय सैन्याला एकही गोळी झाडावी लागली नाही.

येथे फ्रान्सला काय मिळाले, हेही पाहिले पाहिजे; कारण ज्या तहात एका पक्षाला सर्व काही आणि दुसऱ्याला केवळ अपमान मिळतो, तो तह टिकाऊ होत नाही. १९५६ साली जो विलीनीकरणाचा तह झाला, त्यात लोकप्रतिनिधी अन्य निर्णय घेईपर्यंत फ्रेंच भाषा तेथील राजभाषा म्हणून राहावी, असे ठरले. ज्या रहिवाशांना फ्रेंच नागरिकत्व ठेवावयाचे असेल, त्यांना तशी मुभा देण्यात आली. फ्रेंच विद्यासंस्थांना स्थान मिळाले. थोडक्यात, पाहुण्याला दारातून जाताना मान ताठ ठेवून जाता आले. तरीही फ्रान्सच्या संसदेने या तहाला मान्यता देईपर्यंत १९६२ साल उजाडले. तोवर अल्जीरियाच्या युद्धात ते राष्ट्र गुंतले होते. त्या काळात भारताने आदळआपट केली नाही. कारभार हाती होता, कागदाची वाट पाहिली. १६ ऑगस्ट १९६२ रोजी तोही कागद हाती आला.

म्हणजे आपल्या विद्यार्थ्याच्या हिशेबाने पाँडिचेरीलाही संपूर्ण पंधरा वर्षे लागली! गोव्याला चौदा आणि पाँडिचेरीला पंधरा. वेळेचा विचार केला, तर दोन्ही प्रकरणे सारखीच. भेद आहे तो त्या वेळेचा उपयोग कोणी कसा केला, यात.

आता पोर्तुगालकडे पाहू. २७ फेब्रुवारी १९५० रोजी भारताने गोव्याच्या प्रश्नावर बोलणी सुरू करावीत, असे रीतसर पत्र पोर्तुगालला दिले. उत्तर आले ते असे की, बोलण्यासारखा प्रश्नच अस्तित्वात नाही. गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचाच भाग आहे. १९५१ साली सालाझारच्या राजवटीने घटनेत बदल करून वसाहतींना 'सागरापलीकडील प्रांत' असे नवे नाव दिले. नाव बदलले की वस्तू बदलते, असा हा न्याय! गोमंतकीयांचा धर्म, भाषा आणि चालीरीती यांना धक्का लागणार नाही, हे भारताने पुनःपुन्हा सांगितले. परंतु समोरचा मनुष्य मेजाशी येऊन बसावयासच तयार नसेल, तर बोलावे कोणाशी? जून १९५३ मध्ये भारताने लिस्बन येथील आपली वकिलात बंद केली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी हजारो निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या सीमेत शिरले असता पोर्तुगीज पोलिसांनी त्यांच्यावर गोळीबार केला आणि वीसहून अधिक जणांचे प्राण गेले. त्यानंतर भारताने पोर्तुगालशी राजनैतिक संबंध तोडले, आर्थिक नाकेबंदी आवळली आणि त्याचबरोबर सत्याग्रहींना सीमा ओलांडण्यास मनाईही केली.

या शेवटच्या निर्णयाने गोव्यातील पुष्कळ देशभक्त दुखावले गेले, हे लपविण्याचे कारण नाही. आमचे आजोबा त्या वेळी ऐन विशीत होते. मुंबईस असलेल्या आप्तांचे येणे-जाणे कसे थांबले, त्यांच्याकडून येणाऱ्या पैशांची वाट पाहता पाहता घरातील बायकांनी कसे दिवस काढले, हे ते घरी कोंकणीतून सांगत; आणि शेवटी म्हणत की, दिल्लीला धीर धरणे सोपे होते, तो धीर आमच्या ताटातला होता. विद्यार्थिमित्रहो, वाटाघाटींचा पुरस्कार करणाऱ्याने हे वाक्य नेहमी स्मरणात ठेवावे. शांततेच्या मार्गालाही किंमत पडते आणि ती बहुधा तुरुंगातील कैदी आणि चुलीपुढील बाई यांनाच मोजावी लागते. म्हणूनच ज्याला मुत्सद्देगिरी म्हणावयाचे, ती आळसाला दिलेले सुंदर नाव असता कामा नये.

मग ही वर्षे फुकट गेली काय? आमच्या मते नाही. डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगालने दादरा-नगरहवेलीकडे जाण्याच्या वाटेसाठी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात फिर्याद लावली. भारत तेथे आपली बाजू मांडावयास उभा राहिला. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला : खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि माल यांच्या ये-जा करण्याचा पोर्तुगालचा हक्क न्यायालयाने मान्य केला, सशस्त्र दलांचा केला नाही; आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही, असा निर्वाळा दिला. डिसेंबर १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वसाहतवाद संपविण्याचा सुप्रसिद्ध ठराव केला आणि दुसऱ्याच दिवशी पोर्तुगालच्या अंमलाखालील स्वयंशासन नसलेल्या प्रदेशांच्या यादीत गोव्याचे नाव घातले. 'गोवा म्हणजे पोर्तुगालच' हे सालाझारचे म्हणणे जगाच्या चावडीवर उघडे पडले, ते शस्त्राने नव्हे, या कागदांनी.

नोव्हेंबर १९६१ मध्ये अंजदीव बेटावरून भारतीय आगबोटीवर आणि मासेमारी होडीवर गोळीबार झाला. एका मच्छीमाराचा बळी गेला. धीराची मर्यादा संपली. १७ डिसेंबरच्या रात्री 'ऑपरेशन विजय'स आरंभ झाला आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १५१० साली आफोन्सो द आल्बुकर्कने गोवा घेतल्यापासून ४५१ वर्षे चाललेल्या अंमलाचा तो अंत होता. त्या मोहिमेत कामी आलेल्या जवानांचे ऋण आम्ही गोमंतकीय कधीही फेडू शकणार नाही. दंड हाही उपायच आहे आणि साम, दान, भेद थकल्यावर तो वापरणे अधर्म नव्हे, हे आम्ही येथे निःशंकपणे सांगतो.

परंतु ती मोहीम छत्तीस तासांत का आटोपली, याचा विचार करा. पोर्तुगाल हा बलाढ्य लष्करी मित्रसंघाचा सभासद होता. तरी एकाही मित्रराष्ट्राचे सैन्य गोव्याच्या रक्षणार्थ आले नाही. सुरक्षा समितीत भारताविरुद्ध ठराव आला. सोव्हिएत रशियाने नकाराधिकार वापरून तो फेटाळला आणि सिलोन, लायबेरिया व संयुक्त अरब प्रजासत्ताक या राष्ट्रांनीही त्याच्या विरुद्ध मत दिले. वसाहतीचे दुःख ज्यांना ठाऊक होते किंवा कळत होते, त्यांना चौदा वर्षे आपली बाजू समजावून सांगितल्याचे हे फळ होय. आणखी एक गोष्ट. शेवटच्या माणसापर्यंत लढावे, शरण जाऊ नये, अशी सालाझारची आज्ञा होती. गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्वा यांनी ती पाळली नाही. निरर्थक रक्तपात टाळून त्यांनी शरणागतीच्या कागदावर सही केली. त्याबद्दल मायदेशी त्यांना सैन्यातून काढून टाकण्यात आले आणि १९७४ च्या क्रांतीनंतरच त्यांचा मान त्यांना परत मिळाला. शत्रुपक्षातील या एका मनुष्याच्या विवेकामुळे आमची घरे, देवळे आणि चर्चेस वाचली, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

आता आपण या लेखाच्या मर्मापाशी आलो आहोत. छत्तीस तासांत मिळाली ती भूमी. पण भूमीबरोबर सर्वच मिळाले का?

मोहन रानडे यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. सांगलीकडचा हा तरुण मराठीचा शिक्षक म्हणून गोव्यात आला आणि आझाद गोमंतक दलात शिरून त्याने शस्त्र हाती घेतले. १९५५ साली बेती येथील पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात तो जखमी होऊन पकडला गेला. त्याला २६ वर्षांची शिक्षा झाली आणि पुढे पोर्तुगालमधील तुरुंगात नेण्यात आले. १९ डिसेंबर १९६१ रोजी पणजीत तिरंगा फडकला, तेव्हा रानडे लिस्बनजवळच्या काशियासच्या तुरुंगात होते. १९६२ साली ते तेथेच होते, १९६५ साली तेथेच होते. तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज युद्धकैदी मे १९६२ पर्यंत आपल्या देशी परतले. रानडे परतले नाहीत. भारताचे कोणतेही पलटण लिस्बनपर्यंत जाऊ शकत नव्हते. अर्ज, विनंत्या, मध्यस्थांच्या गाठीभेटी यांचा कंटाळवाणा मार्ग तेवढा उरला होता. मद्रास राज्याचे मुख्यमंत्री अण्णादुरै यांनी १९६८ साली पोपच्या भेटीत त्यांच्यासाठी रदबदली केली. अखेर जानेवारी १९६९ मध्ये, गोवा मुक्त झाल्यावर सात वर्षांहून अधिक काळाने, त्यांची सुटका झाली. डॉ. तेलो मास्कारेन्हस यांची सुटका तर १९७० साली झाली. ज्याने स्वतः शस्त्र उचलले होते, त्यालाही शेवटी शब्दानेच घरी आणले.

तीच कथा सोन्याची. मुक्तीच्या थोडे आधी गोव्यातील लोकांनी बँकेत गहाण ठेवलेले दागिने लिस्बनला हलविण्यात आले होते. कोणाच्या पाटल्या, कोणाचे मंगळसूत्र, कोणाची साखळी. ही चीजवस्तू दोन सरकारांच्या वाटाघाटींनंतर १९९१ साली परत आली. तोवर तीस वर्षे लोटली होती आणि पुष्कळ दागिने घेण्यासाठी मूळ मालकाऐवजी मुले-नातवंडे गेली.

तीच कथा मान्यतेची. सालाझारच्या राजवटीने गोवा गेला, हे कधीच मान्य केले नाही. एप्रिल १९७४ मध्ये पोर्तुगालमध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी हुकूमशाही उलथून टाकली आणि ३१ डिसेंबर १९७४ रोजी दिल्लीत तह झाला. पोर्तुगालतर्फे मारिओ सोआरेस आणि भारतातर्फे यशवंतराव चव्हाण यांनी त्यावर सह्या केल्या. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगरहवेली यांवरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले. युद्ध १९६१ च्या डिसेंबरात संपले; तंटा मात्र १९७४ च्या डिसेंबरात मिटला. मधली तेरा वर्षे आपण कोणी मोजत नाही, कारण ध्वजवंदन एकाच तारखेला होते.

यावर तुम्ही विचाराल, "मग पाँडिचेरीत जे साधले, ते गोव्यात का साधले नाही?" उत्तर असे की, वाटाघाटी हा दोन हातांनी वाजणारा टाळ आहे. फ्रान्समध्ये सरकारे बदलत होती, वृत्तपत्रे टीका करीत होती, मंत्र्याला आपली चूक कबूल करण्यास वाव होता. पोर्तुगालमध्ये एका माणसाच्या हट्टाला राष्ट्राचा मान असे नाव मिळाले होते. तेथे लोकांचा आवाज मोकळा झाला, तेव्हा अवघ्या आठ महिन्यांत तह झाला. यावरून असे दिसते की, जे सरकार आपल्या लोकांचे ऐकते, तेच शेजाऱ्याचेही ऐकू शकते. तेव्हा आपल्या देशातील लोकशाही सांभाळणे, हेसुद्धा परराष्ट्र धोरणाचेच एक अंग होय.

या सर्व विवेचनातून आम्ही जो बोध घेतो, तो थोडक्यात असा. तंटा उत्पन्न झाला असता पहिले पाऊल बोलण्याचे असावे, आणि ते मनापासून, पूर्ण तयारीनिशी आणि प्रतिपक्षाला मानाने मागे जाण्याची वाट ठेवून टाकावे. बोलणे लांबले, तर त्याची झळ कोणाला लागते आहे, याचा विसर पडू देऊ नये. सर्व दारे बंद झाली आणि शस्त्र उचलणे भागच पडले, तर ते कमीत कमी काळ आणि कमीत कमी हानी करून वापरावे. आणि शस्त्र खाली ठेवताच पुन्हा त्याच मेजाकडे यावे. कारण शेवटची सही तेथेच व्हावयाची असते.

प्रश्न विचारणाऱ्या त्या विद्यार्थ्याला आम्ही एवढेच सांगू : बाळ, तुझा प्रश्न चांगला होता, पण हिशेब अपुरा होता. चौदा वर्षे आधी होती आणि तेरा वर्षे नंतर होती. छत्तीस तास या दोहोंच्या मध्ये होते. पुढच्या मुक्तिदिनी राष्ट्रध्वजाला वंदन करशील, तेव्हा त्या छत्तीस तासांतील जवानांचे स्मरण अवश्य कर. पण त्याच वेळी काशियासच्या कोठडीत सुटकेच्या कागदाची वाट पाहत बसलेल्या एका मराठीच्या शिक्षकाचेही स्मरण कर, आणि तो कागद मिळवण्यासाठी ज्यांनी न थकता दारे ठोठावली, त्यांचेही.